काउरीच्या दाराशी पाय धुताना

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. माझं सगळं आयुष्य जंगलाच्या दारात गेलं, पण जंगल मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. लोक आत जातात, लोक बाहेर येतात, आणि त्यांच्या तळव्यांना जे चिकटून येतं ते माझ्या वाट्याला येतं. काळी माती, नेच्यांचे तुकडे, काउरी झाडाच्या सालीचे पापुद्रे. एवढ्यावरून मी आतल्या जंगलाची कल्पना करतो. ती चुकीचीही असेल. ब्रशला कोण विचारतो?

माझी पाठ लाकडाची आणि केस काथ्याचे. न्यूझीलंडच्या उत्तरेला समुद्राकाठच्या एका गावात, एका छोट्या कारखान्यात मला बनवलं. बनवणाऱ्याने मला टेबलावर आपटून पाहिलं आणि तो म्हणाला, ''टिकेल.'' मला मिळालेला आशीर्वाद तेवढाच. पण तो फळला, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

तिथून मी राविरीच्या गोठ्यात आलो. राविरी हा दुधाच्या धंद्यातला धिप्पाड माओरी माणूस. पहाटे गाई पिळायच्या, मग फरशी धुवायची, मग गमबूट घासायचे. माझे केस तेव्हा इतके ताठ होते की त्यांच्यापुढे शेणाचा टिकाव लागत नसे. शेणाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. शेण प्रामाणिक असतं. ते जसं आहे तसं दिसतं, आणि नसतं तेव्हा नसतं.

मातीचं तसं नाही. हे मला पुढे कळलं.

झाडांना आजार आला तेव्हाची गोष्ट. काउरी म्हणजे इथली मोठी झाडं. माणसांनी हात धरून कडं केलं तरी एकेका बुंध्याला पुरत नाही. पण एवढ्या थोरल्या झाडाची मुळं अगदी वरवर, पालापाचोळ्याखालीच पसरलेली असतात. आजाराचं बीज मातीत राहतं आणि बुटाच्या तळव्याला चिकटून प्रवास करतं. टाचणीच्या डोक्याएवढी माती पुरते. मुळं कुजतात, शेंडा वाळतो, आणि झाड उभ्या उभ्या मरायला लागतं. आजाराला पुरतं औषध नाही. आजारी माती आणि निरोगी माती शेजारी शेजारी ठेवली तर दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात.

पलीकडच्या डोंगरधारेवरची झाडं वाळली तेव्हा खोऱ्यातली माणसं सभागृहात जमली. ही माणसं स्वतःची ओळख सांगताना आधी डोंगराचं नाव घेतात, मग नदीचं, मग पूर्वजांचं आणि स्वतःचं अगदी शेवटी. या जंगलात एक फार जुना काउरी आहे. त्याला सगळं खोरं 'आजोबा' म्हणतं, आणि ते म्हणण्यापुरतं नाही. आजोबांना वाचवायचं तर जंगल बंद करावं, असं निम्म्यांचं म्हणणं होतं. आजोबांना भेटायचंच नाही तर ते आपले कसले, असं उरलेल्यांचं. शेवटी ठरलं की एकच वाट ठेवायची, तिच्यावर फळ्या टाकायच्या, तोंडाशी फाटक बसवायचं, आणि जो आत जाईल त्याने बूट घासून, जंतुनाशक फवारून जायचं. बाहेर येतानाही तेच. कुणी न घासता गेल्याचं दिसलं, तर वाट बंद. फाटकाची राखण राविरीकडे आली.

त्याने मला गोठ्यातून उचललं, उकळत्या पाण्यात बुडवलं आणि फाटकाच्या खांबाला खिळा ठोकून त्यावर टांगलं. उकळणं मला आवडलं नाही. पण मी गोठ्याची माती घेऊन जंगलाच्या दारात कसा उभा राहणार होतो?

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षं. लांबलांबून पाहुणे येत. पांढरेशुभ्र बूट घातलेले म्हणत, ''आमचे स्वच्छच आहेत की!'' राविरी काही न बोलता बूट उलटा करायचा, माझे केस खाचेत फिरवायचा आणि निघालेली माती त्यांच्या नाकासमोर धरायचा. लोक माझे फोटो काढायचे. मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

तळवा म्हणजे माणसाची कुंडली, हे मी तिथे शिकलो. कोण टाचेवर जोर देतं, कोण एका बाजूला कलतं, कुणाचं एका पायावर लक्षच नसतं. राविरीची थोरली बहीण नायरी हिचे तळवे मी डोळे मिटून ओळखले असते. मला डोळे नाहीत ही गोष्ट वेगळी. नायरी शाळेची बस चालवायची. तिच्या उजव्या बुटाचा पुढचा भाग पेडल दाबून दाबून गुळगुळीत झालेला असायचा. आवाज खणखणीत, बांधा ठेंगणा, आणि रविवारी आजोबांना भेटल्याशिवाय तिचा आठवडा सुरू होत नसे.

मग एका वर्षी तिच्या डाव्या बुटाचं टोक झिजायला लागलं.

आधी थोडं, मग चांगलंच. पाय उचलला जात नव्हता, घासटत होता. डॉक्टरांच्या आधी मला कळलं असं मी म्हणणार नाही, मी काही डॉक्टर नाही. पण बुटाला कळलं होतं. काही महिन्यांनी नायरी फाटकाशी बाकावर बसली आणि भावाला म्हणाली, ''पार्किन्सन्स म्हणे. आयुष्यभर बस वेळेवर नेली रे, आता पायच वेळेवर येत नाही.''

राविरीने बुटाच्या झिजलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, ''बसचं काय?''

''किल्ली देऊन आले. हात थरथरणाऱ्या बाईच्या मागे कोण पोरं बसवणार? मीसुद्धा बसवली नसती.''

त्यानंतर ती रोज येऊ लागली. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती सांगण्यासाठीच खरं तर हे सगळं सांगतोय. आत जाताना तिचा डावा पाय घासटत यायचा आणि बुटाच्या टोकाला वाटेवरची खडी रुतलेली असायची. बाहेर येताना मात्र टोक कोरडं असायचं आणि माती सगळ्या तळव्याला सारखी लागलेली असायची. म्हणजे पाय उचलला जात होता. रोज असंच. तिच्यात आत जाऊन काय बदलत होतं ते मला दिसत नव्हतं, पण जाणारी नायरी आणि येणारी नायरी एकाच तळव्यांची नव्हती.

तिने ते एकदा राविरीला सांगितलं. ''घरच्या गालिच्यावर पाय चिकटतो बघ. स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत जायचं तर मध्येच पुतळा होतो माझा. पण त्या फळ्यांवर नाही होत. समोर फळी दिसते, पाय म्हणतो, बरं, एवढी एक. मग पुढची. एक फळी, एक पाऊल. आणि कुठे अडलेच तर ती पिवाकावाका असते ना, शेपटीचा पंखा करणारी, ती समोर फुदकते आणि मला चिडवते. तिच्या नादाने पाय निघतो.''

''म्हणजे तुझा डॉक्टर एवढासा पक्षी!''

''फी घेत नाही. आणि 'आता कसं वाटतंय' असं विचारत नाही. तुझ्यासारखं.''

आजोबांपाशी पोचली की ती कठड्याला टेकून उभी राहायची म्हणे. काही मागायची नाही. तिथे उभं राहिलं की आपण आजारी बाई आहोत हे आठवायचं राहून जातं, एवढंच ती म्हणाली होती.

अडचण चालण्याची नव्हतीच. अडचण माझी होती. बूट घासायचा तर एका पायावर उभं राहायला हवं, एका हाताने खांब धरायला हवा, दुसऱ्या हाताने मला चालवायला हवं. नायरीचा हात कापायचा. मी तिच्या हातातून निसटायचो, ती वाकायची, तोल जायचा. सगळी वाट चालून जेवढी दमणूक होत नसे तेवढी दारात व्हायची.

''दे इकडे पाय,'' राविरी म्हणायचा.

''हात लावलास तर थोबाडीत खाशील. तुझे लंगोट मी धुतलेत. तू माझे बूट धुवायचे नाहीत.''

राविरी मागे सरायचा. बहिणीपुढे तो धिप्पाड माणूस एकदम धाकटा व्हायचा.

याच काळात माझे दिवस फिरले. नगरपालिकेने लोखंडी चौकट बसवली. तिच्यात चारी बाजूंनी नवे, कडक, हिरव्या केसांचे ब्रश. बूट आत घातला की झालं. माझे केस एव्हाना विस्कटून मऊ पडले होते, चिखलावरून नुसते गोंजारल्यासारखे फिरत. राविरीने मला काही दिवस फाटकावरच्या सूचनेच्या पाटीवरचं शेवाळ पुसायला वापरलं, आणि मग मी पाण्याच्या टाकीखाली जाऊन पडलो. गोगलगायी माझ्यावरून ये-जा करायच्या. वाईट वाटलं का? वाटलं. पण टाकीखालून माणसांचे पाय मात्र आधीपेक्षा चांगले दिसत.

म्हणूनच त्या सकाळी जे घडलं ते मला दिसलं.

नायरी आली. राविरी गाई पिळत होता, फाटकाशी कुणी नव्हतं. तिने नव्या चौकटीत बूट घातला, तो आत अडकला आणि ती पडता पडता वाचली. ती बाकावर बसली. मग तिने दोन्ही बूट काढले, नाड्या बांधून खांबाला टांगले, आणि पाटीकडे बघून स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, ''काय लिहिलंय? बूट घासा. माझ्या पायात बूट आहेत का? नाहीत.'' आणि अनवाणी फळीवर पाय ठेवला.

मित्रांनो, तिला लबाडी करायची नव्हती. या खोऱ्यातली माणसं बूट घालतात ती परक्या ठिकाणी जायचं असलं तर. दुकानात अनवाणी, किनाऱ्यावर अनवाणी, शाळेतसुद्धा अनवाणी. बूट बाहेरून येतो, पाय इथलाच असतो, अशी त्यांची पक्की समजूत. शिवाय तळव्याला फळीची कड लागली की नायरीचा पाय लगेच उचलला जायचा. बाहेर आली तेव्हा ती चक्क गुणगुणत होती. मी टाकीखालून पाहत होतो. तिच्या बोटांच्या बेचक्यांत काळी माती होती. ती आतली होती की जातानाच तिथे होती, हे मला सांगता आलं नसतं. पण घरून फाटकाकडे येताना ती शेजाऱ्याच्या कुरणातून जवळच्या वाटेने यायची, आणि ते कुरण झाडं वाळलेल्या त्या डोंगरधारेच्या पायथ्याशी होतं.

तेव्हापासून ती अनवाणीच जायची.

वाटेत ओढ्यापाशी फळ्या संपतात आणि थोडी उघडी माती लागते. तिथे राविरीला अनवाणी पावलं दिसली. दुसऱ्या दिवशी फाटकाशी खोऱ्यातली माणसं जमली. गर्दीत मला नुसते पाय दिसत होते, सगळे रागाने जागच्या जागी हलत होते.

''पर्यटक. दुसरं कोण?''

''पाट्या वाचायला डोळे लागतात.''

''वाट बंद करा म्हणून मी पहिल्यापासून सांगत होते,'' एक म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात गर्दीतून एक पाय पुढे आला. डावा. अंगठा थरथरत होता.

''माझी आहेत ती पावलं,'' नायरी म्हणाली.

''ताई, आता गंमत नको,'' राविरी म्हणाला.

''गंमत नाही. ठसा नीट बघ. डाव्या अंगठ्यापुढे रेघ ओढल्यासारखी दिसेल. असा पाय आपल्या खोऱ्यात एकच आहे.''

खोऱ्यातल्या सगळ्या मुलांना तिने बसमधून शाळेत नेलं होतं. ती मुलं आता मोठी होऊन तिथे उभी होती. शेवटी ती म्हातारी हळू आवाजात म्हणाली, ''नायरी, पायाला पण माती लागते गं.''

''कळलं आता,'' नायरी म्हणाली. ''राविरी, कुलूप आण.''

फाटकाला कुलूप लागलं. त्या पावलांजवळच्या मातीचे नमुने शहरात तपासायला गेले, आणि उत्तर यायला बरेच आठवडे लागणार होते. मित्रांनो, ब्रशला दिवस मोजता येत नाहीत. पण टाकीखाली नेच्याची एक नवी गुंडाळी उलगडून तिचं पान झालं, एवढा तो काळ होता.

राविरी रोज यायचा आणि कुलूप लावलेल्या फाटकाशी बसायचा. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर सगळं मोठ्याने चालतं. नायरीची मुलगी ब्रिस्बेनला असते, तिच्याशी तो बोलायचा. त्यावरून कळलं की नायरी खुर्चीतून उठत नाही. गोळ्या वेळेवर घेते, पण स्वयंपाकघरापर्यंत जायला तिला अर्धी सकाळ लागते. मुलीने विचारलं, ''मामा, ती रडते का?'' राविरी म्हणाला, ''रडली असती तर बरं झालं असतं. हवामानाच्या बातम्या बघत बसते.''

मग उत्तर आलं. माती निरोगी होती. राविरीने कुलूप काढलं आणि तिथूनच बहिणीला फोन लावला.

''ताई! चांगली निघाली माती!''

''या वेळी निघाली,'' फोनमधून नायरीचा आवाज आला. तो खणखणीतपणा त्यात नव्हता. ''पुढच्या वेळी? माझ्या पायांवर माझाच भरवसा नाही रे. आजोबा एवढी शतकं उभे आहेत. माझ्या चालण्यापायी त्यांना काही झालं, तर मी कुठल्या तोंडाने कुणाला ओळख सांगू?''

''मी धुतो ना पाय तुझे.''

''मेल्यावर धू.''

फोन बंद झाला. राविरीने एक शिवी दिली, ती मी सांगत नाही. एवढं सांगतो की ती आजाराला होती.

दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रक थेट फाटकापर्यंत आला. आतून भांडणाचा आवाज येत होता. राविरीने बहिणीला जवळजवळ उचलूनच बाकावर बसवलं आणि मागून एक पिवळं प्लास्टिकचं घमेलं काढून तिच्या पायांपाशी ठेवलं. नायरीने घमेल्याकडे पाहिलं, आणि खोऱ्यातले पक्षी उडाले.

''हे माझं भांड्यांचं घमेलं आहे!''

राविरी जागच्या जागी थिजला.

''भांड्यांचं! ज्यात ताटं धुते ते! ह्यात पाय? आई असती तर तुला ह्यातच बुडवलं असतं! आपल्या घरात जेवणाचं फडकं कधी कपड्यांबरोबर धुतलं का रे? कुणी उशीवर बसलं तरी आईने त्याला उठवलं नव्हतं का? एवढा बैल झालास, आणि भांड्यांचं घमेलं पायांपाशी आणतोस?''

''घाईत... ओट्यावर दिसलं ते उचललं,'' राविरी पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. इथल्या माणसांत जेवणाचं आणि अंगाचं असं कधी एकत्र होत नाही. चोरी परवडली, पण हे नाही.

''परत ठेवतो,'' तो म्हणाला.

''परत कुठे ठेवतोस? जमिनीवर पायांपाशी ठेवलंस, आता ते माझ्या ओट्यावर चढणार आहे होय? गेलं ते कामातून!'' ती धापा टाकत होती. मग अचानक हसायला लागली. कित्येक आठवड्यांचं हसू होतं ते, थांबता थांबेना, आणि त्यातच कुठेतरी रडूही मिसळलं. राविरी घमेलं हातात धरून उभा होता. शेवटी तिने डोळे पुसले आणि पायमोजा काढायची खटपट सुरू केली. ''आता पायांचंच झालंय ते, तर पायांनाच वापर. भर पाणी. बघतोस काय?''

राविरीने टाकीची तोटी सोडली, साबण घातला आणि खाली बसला. नव्या चौकटीतला एक ब्रश काढून त्याने तो बहिणीच्या तळव्याला लावला. ती किंचाळली. बुटासाठी केलेला तो, त्याला कातडीची काय कल्पना? राविरीने इकडेतिकडे पाहिलं. त्याची नजर टाकीखाली गेली. त्याने हात घालून मला ओढलं, गोगलगायी झटकल्या, मला पुन्हा एकदा कढत पाण्यातून काढलं आणि आपल्या तळहातावर फिरवून पाहिलं.

ज्या मऊपणामुळे मला फेकलं होतं, त्याच मऊपणासाठी मला उचललं.

मी तिच्या टाचेवरून फिरलो, तळव्यावरून फिरलो, बोटांच्या प्रत्येक बेचक्यात गेलो. किती वर्षं मी तिचे बूट ओळखत होतो, पाय पहिल्यांदाच भेटला. तो थरथरत होता. राविरी एकेक बोट अलगद वेगळं करत होता. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

''अंगठ्याखाली राहिलंय,'' नायरी म्हणाली.

''दिसतंय मला.''

''दिसतंय तर घास.''

मग त्याने धुतलेले पाय फळीवर ठेवेपर्यंत जमिनीला लागू नयेत म्हणून तिला दोन्ही हातांनी उचलून थेट पहिल्या फळीवर उभं केलं. ओढ्याजवळच्या उघड्या मातीवर त्याने आदल्या दिवशीच फळ्या टाकल्या होत्या. नायरी उभी राहिली. बराच वेळ तशीच. पाय चिकटला होता. राविरीने हात पुढे केला, तिने तो झिडकारला. आतून कुठूनतरी ती पिवाकावाका चिवचिवली. पाय उचलला गेला.

राविरी बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. त्याने चहा ओतला आणि प्यायचं विसरला. ती आली तेव्हा चहा गार झाला होता. त्याने न विचारता घमेल्यातलं पाणी बदललं आणि तिचे पाय पुन्हा धुतले, कारण बाहेर येतानाही धुवायचे असा नियम आहे. तिच्या डाव्या अंगठ्यावर ओरखडा नव्हता. पाय सगळी वाट उचलला गेला होता.

''काय म्हणाले आजोबा?'' राविरीने विचारलं.

''म्हणाले, तुझ्या भावाला सांग, घमेलं आधी विचारून आणायचं.''

त्या दिवसापासून मी पुन्हा खिळ्यावर आलो, आणि ते पिवळं घमेलं माझ्या शेजारी. त्याला आपण एकेकाळी ताटं धुतल्याचा अजून गर्व आहे.

आता शेवटचं सांगतो. आजार काही मागे हटलेला नाही, आणि हटला असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. नायरी पहिल्यासारखी आजोबांपर्यंत रोज जात नाही. काही दिवस जाते. काही दिवस पहिल्या वळणापर्यंत. काही दिवस फाटकाशीच बसते. पण पाय मात्र राविरीकडून रोज धुऊन घेते.

आज सकाळी एक पळणारा माणूस आला. महागडे बूट, हातात घड्याळ, थांबायला वेळ नाही. चौकटीला वळसा घालून निघालाच होता. तेवढ्यात त्याला बाकावरची नायरी दिसली. राविरी तिची बोटं पुसत होता.

''आँटी, मोठं झाड किती लांब आहे?'' त्याने विचारलं.

''तुझ्या पायांनी? घाम यायच्या आत पोचशील.''

''आणि तुमच्या?''

''माझ्या पायांनी आज फार लांब आहे. आज काही जमेलसं दिसत नाही.''

तो गोंधळला. ''मग पाय कशाला धुताय?''

''मी आजारी आहे,'' नायरी म्हणाली. ''माझ्याकडे येणारा खोकत आला तर मला चालत नाही. ते आत उभे आहेत, त्यांना तर दार लावून घेता येत नाही. मग त्यांच्या दारात बसायचं तर स्वच्छ पायांनी बसावं. आणि न जाणो, जावंसं वाटलंच तर पाय तयार असावेत.''

तो माणूस थांबला. परत फिरला, चौकटीत बूट घातला, आणि चांगला वेळ लावून घासला. दुसराही घासला. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या गावाला काउरी नसेल, पण आजारी कुणीतरी असेलच. माणूस असेल, झाड असेल, नाहीतर एखादी नदी असेल. भेटायला जरूर जा, भेटणं थांबवू नका. पण जाताना आपल्या पायांबरोबर काय आत नेतोय, ते दारात एकदा पाहून घ्या. आणि एखादा जुना ब्रश फेकण्याआधी तळहातावर फिरवून बघा.

पळणारा माणूस आत गेल्यावर नायरी थोडा वेळ बसून राहिली. मग म्हणाली, ''राविरी, उचल मला. पहिल्या फळीवर ठेव.'' त्याने ठेवलं. मला त्याने ओलाच खिळ्यावर टांगलं. एक फळी, एक पाऊल, मग पुढची फळी. वळणापुढचं मला इथून दिसत नाही. घमेल्यात स्वच्छ पाणी भरून ठेवलंय, आणि ती बाहेर येईपर्यंत मी इथेच आहे.